परदेशी वर्ककॅम्पला जायचंय? मग तिकीट सगळ्यात शेवटी काढा

मे-जून आला की ओळखीच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात आणि बहुतेकांचा मजकूर एकच असतो, ‘फ्रँकफर्टचं तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून काढून टाकलं, आता तिकडे व्हॉलंटियरिंगसाठी एखादी चांगली संस्था सुचवा ना.’ इथेच सगळं उलटं झालेलं असतं. आधी संस्था, मग कॅम्प, मग तिकडून आलेलं पत्र, मग व्हिसा, आणि व्हिसा हातात पडल्यावर पक्कं तिकीट, असा क्रम आहे. तो मोडला की पैसे जातात आणि कॅम्पही हुकतो.

खाली हाच क्रम नीट उलगडून लिहिलाय. उदाहरण युरोपातल्या दोन-तीन आठवड्यांच्या उन्हाळी वर्ककॅम्पचं, म्हणजे स्वयंसेवी कामाच्या शिबिराचं घेतलंय, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला तेवढंच झेपतं, सुट्टीही तेवढीच मिळते. दुसऱ्या देशात जाणार असाल तर नियम बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: कशासाठी जाताय आणि कशासाठी नाही, ते ठरवा

वर्ककॅम्प म्हणजे वेगवेगळ्या देशांतली दहा-पंधरा माणसं एका गावात एकत्र राहतात, दिवसाला साधारण पाच-सहा तास आणि आठवड्यातले पाच दिवस काम करतात, आणि बाकीचा वेळ एकमेकांबरोबर घालवतात. कामं कसली, तर जुन्या दगडी भिंतींची डागडुजी करणं, जंगलातल्या पायवाटा साफ करणं, गावच्या महोत्सवाची मांडामांड, शेतावर मदत. राहायला शाळेचा हॉल किंवा एखादं जुनं घर, स्वयंपाक आपला आपण पाळीपाळीने करायचा. पगार नाही. जेवण आणि राहणं तिकडचे बघतात, प्रवास, व्हिसा, इन्शुरन्स आणि भाग घ्यायची फी आपली. कॉलेजात एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर केलं असेल किंवा सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेला असाल तर अंदाज येईलच, फक्त शेजारच्या गादीवर कोरियाचा किंवा स्पेनचा कुणीतरी असतो.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो. ‘दोन आठवडे अनाथाश्रमात मुलांना शिकवा’ अशी जाहिरात दिसली, मग ती नेपाळची असो की कंबोडियाची, तर तिकडे फिरकू नका. अशा ठिकाणच्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप, कुणीतरी जिवंत असतं, आणि परदेशी व्हॉलंटियरांचा पैसा येतो म्हणून मुलांना घरापासून तोडून तिथे आणून ठेवलं जातं. शिवाय दर पंधरवड्याला नवा ताई-दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो, त्यात मुलाचं काय होत असेल? फोटो छान येतात, बाकी काही छान नसतं.

साधी कसोटी लावा: हेच काम तुम्हाला आपल्या तालुक्याच्या गावात कुणी करू दिलं असतं का? शिक्षक नसताना वर्ग घेणं, डॉक्टर नसताना इंजेक्शन देणं इथे चालत नसेल तर तिथेही चालायला नको. भिंतीला रंग देणं, पायवाट साफ करणं चालतं.

जास्त दिवस राहायचं असेल तर गोष्ट वेगळी. जर्मनीत सहा ते अठरा महिन्यांची स्वयंसेवा करता येते, त्यात हातखर्चाला पैसे आणि इन्शुरन्सही मिळतो, पण त्यासाठी लाँग टर्म व्हिसा लागतो आणि जर्मन बऱ्यापैकी यावं लागतं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

टप्पा २: पासपोर्ट, आणि त्यावरचं नाव

हा टप्पा लोक ‘आहे की पासपोर्ट’ म्हणून उडी मारून पुढे जातात. थांबा, काढा तो कपाटातून.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, तिकडून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. हे तिन्ही बघा. नवा काढायचा असेल तर ३६ पानी साध्या पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळला वर २००० जास्त. ऑगस्टचा कॅम्प असेल तर आदल्या डिसेंबरपर्यंत पासपोर्ट हातात असावा, म्हणजे पुढची धावाधाव वाचते.

मग नाव. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत, आणि एलसीवर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं असा गोंधळ घरोघरी. कुणाचं वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये गेलेलं असतं, कुणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी असते, लग्नानंतर नाव बदललेल्या ताई-वहिनींचं तर विचारूच नका. नियम एकच धरा: कॅम्पचा अर्ज, आमंत्रण पत्र, इन्शुरन्स, तिकीट, सगळीकडे पासपोर्टवर जसं छापलंय अगदी तसंच नाव. फॉर्मवर सवयीने टोपणनाव किंवा शॉर्ट नाव टाकू नका, कारण तिकडची संस्था तेच पत्रावर छापते आणि मग व्हिसा सेंटरच्या काउंटरवर तुम्हाला समजावत बसावं लागतं.

तपासा: पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलात? यापुढे कुठलाही फॉर्म भरताना नाव आठवून लिहायचं नाही, त्या फोटोत बघून लिहायचं.

टप्पा ३: पाठवणारी संस्था शोधा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. वर्ककॅम्पच्या जगात साधारणपणे परदेशी संस्थेकडे थेट अर्ज करत नाहीत, आपल्या देशातल्या पाठवणाऱ्या संस्थेमार्फत करतात. तिची तिकडच्या संस्थेशी भागीदारी असते, ती तुमचा अर्ज पुढे पाठवते, जायच्या आधी तयारी करून घेते, आणि काही बिनसलं तर दोन्हीकडून बोलणारं कुणीतरी असतं. जर्मनीतल्या आयजेजीडी किंवा आयबीजीसारख्या संस्थांना तुम्ही सरळ ईमेल टाकलात तर बहुधा ‘तुमच्या देशातल्या भागीदाराशी बोला’ असं उत्तर येईल.

भारतातून सुरुवात करायला दोन नावं: सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल, म्हणजे एससीआय, हिची भारतात शाखा आहे. दुसरी बेंगळुरूची एफएसएल इंडिया. लांब मुदतीच्या एक्स्चेंजसाठी आयसीवायई इंडिया आहे. या पलीकडची कुठलीही संस्था पडताळायची तर ती सीसीआयव्हीएस या स्वयंसेवी संस्थांच्या जागतिक समन्वय समितीच्या किंवा अलायन्स या युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांच्या संघाच्या सदस्यांत किंवा भागीदारांत आहे का ते बघा. सीसीआयव्हीएस १९४८ साली युनेस्कोच्या छत्राखाली सुरू झालेली आहे आणि सदस्यांची यादी तिच्या साइटवर असते.

पैसे भरण्याआधी संस्थेला हे विचाराच, आणि उत्तर लेखी घ्या:

फीमध्ये नक्की काय येतं आणि काय नाही? कॅम्पवर पोहोचल्यावर वेगळी रक्कम भरायची आहे का? आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच कॅम्पना अशी जादा फी असते, ती तिथे रोख द्यावी लागते. व्हिसा नाकारला तर फीमधलं किती परत मिळतं? कॅम्प ऐनवेळी रद्द झाला तर दुसरा देणार का? आधी जाऊन आलेल्या कुणाशी बोलता येईल का?

सावध: ‘व्हिसाची गॅरंटी’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. व्हिसा फक्त तो देश देतो, संस्था नाही आणि एजंट तर नाहीच. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर मागितले तरी तेच करा.

टप्पा ४: कॅम्प निवडा आणि अर्ज लिहा

उन्हाळ्याच्या कॅम्पांची मोठी यादी साधारण मार्च-एप्रिलमध्ये येते आणि बहुतेक कॅम्प जून ते सप्टेंबर या काळात असतात. आपल्याकडून जाणाऱ्याने जूनचा कॅम्प निवडायच्या फंदात पडू नये, यादी आली की व्हिसाला वेळच उरत नाही. जुलैअखेर किंवा ऑगस्ट धरा.

प्रत्येक कॅम्पची माहिती दोन-चार ओळींची असते, ती वकिलासारखी वाचा. काम काय, राहायला काय (तंबू असेल तर तसं लिहिलेलं असतं), भाषा कुठली, वयाची अट, जवळचं स्टेशन कुठलं. एका कॅम्पमध्ये एका देशाचे सहसा दोनच जण घेतात, म्हणून मैत्रिणींचा चौघींचा ग्रुप एकत्र जायचा प्लॅन करत असेल तर तो आत्ताच मोडा. खरं सांगायचं तर तो मोडलेलाच बरा, चौघी गेल्या तर चौघीच परत येतात, नवीन ओळख होतच नाही. अर्जात पसंतीक्रमाने तीन-चार कॅम्प द्या, एकावरच अडून बसू नका.

आता मोटिव्हेशन लेटर, म्हणजे तुम्हाला का यायचंय ते सांगणारं पत्र. हे पत्र वाचणारा माणूस शेकडो पत्रं वाचतो आणि त्यातली निम्मी ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे’ नाहीतर ‘मला जग बघायचंय’ इथून सुरू होतात. तुम्ही काय केलंय ते लिहा. गावात बंधारा बांधताना श्रमदान केलं असेल तर किती दिवस, हातात काय होतं, कुदळ की घमेलं, ते लिहा. गणपती मंडळात दहा दिवस दीडशे माणसांच्या जेवणाचं बघितलं असेल तर तेही लिहा, कॅम्पला असा माणूस लाख मोलाचा वाटतो. स्वयंपाक येतो का, तंबूत झोपलाय का, उन्हात काम झेपतं का, हे प्रामाणिकपणे. पाठीचं दुखणं, दमा, कसली ॲलर्जी, चालू असलेली औषधं, काही लपवू नका. एका पानाच्या वर जाऊ नका. आणि एआयकडून पत्र लिहून घेऊ नका, वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतं.

लहान मुलांबरोबरचा कॅम्प असेल तर पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. पासपोर्ट सेवाच्या साइटवरून पीसीसी काढता येतो, फी ५०० रुपये. चांगली संस्था हा मागतेच. मुलांबरोबर काम आहे आणि काहीच मागितलं नाही, तर शंका घ्या.

टप्पा ५: पत्र, इन्शुरन्स, व्हिसा

निवड झाली की तिकडून स्वीकृती येते आणि त्यांच्याकडे आपण व्हिसासाठी आमंत्रण पत्र मागायचं असतं. ते आपोआप येईल असं समजू नका, मागा. आलं की वाचा. पासपोर्टप्रमाणे नाव, पासपोर्ट नंबर, कॅम्पच्या तारखा, राहण्याचा पूर्ण पत्ता, राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार, काम विनामोबदला आहे हे वाक्य, सही आणि शिक्का. यातलं एक जरी नसेल तर लगेच दुरुस्त करून मागवा, ते लोक आनंदाने देतात.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? ज्या देशात कॅम्प आहे त्याच्याकडे. ‘फ्रान्सच्या अपॉइंटमेंट मिळत नाहीयेत म्हणून दुसऱ्या देशाचा व्हिसा काढतो, शेंगेन म्हणजे सगळं एकच ना’ हे डोकं चालवू नका. जिथे जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असा नियमच आहे.

मुदती लक्षात ठेवा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. मोठ्यांसाठी फी ९० युरो, जून २०२४ पासून, आणि वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज. नाकारला तरी फी परत येत नाही. मुंबईत एप्रिल ते जून या काळात फिरायला जाणाऱ्यांची झुंबड असते, त्यामुळे आमंत्रण पत्र यायच्या आधीच अपॉइंटमेंटच्या तारखा बघत राहा.

कागदांमध्ये लोक कुठे चुकतात ते सांगतो.

बँक स्टेटमेंट: अर्जाच्या आठवडाभर आधी काकांकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकले की ते स्टेटमेंटमध्ये डोळ्यात भरतं. गेल्या तीन ते सहा महिन्यांत खातं नेहमीसारखं चालू दिसायला हवं. खर्च आई-बाबा करणार असतील तर तसं लिहा, त्यांचं सहीचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि आयटीआर, आणि नात्याचा पुरावा जोडा. यात कमीपणा काही नाही.

रजेचं पत्र: नोकरी असेल तर कंपनीचं, शिकत असाल तर कॉलेजचं, आणि त्यात ‘अमुक तारखेला परत रुजू होणार’ हे वाक्य हवंच. तुम्ही परत येणार हे दाखवणारा सगळ्यात भक्कम कागद तोच.

इन्शुरन्स: निदान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, पोहोचण्यापासून निघेपर्यंतच्या सगळ्या दिवसांचं. आणि पॉलिसीतलं बारीक टायपातलं वाचा, कारण बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसी अंगमेहनतीचं काम करताना झालेली दुखापत धरत नाहीत. कॅम्पची संस्था वेगळा अपघात विमा देते का ते विचारा.

हेतू: जे करायला जाताय तेच लिहा. ‘टुरिस्ट म्हणून टाक, सोपं पडतं’ हा सल्ला देणारे भरपूर भेटतील, पण इमिग्रेशनच्या काउंटरवर बॅगेतून कॅम्पचं पत्र निघालं की उत्तर तुम्हाला द्यायचंय, त्यांना नाही. विनामोबदला कामालाही काही देश वेगळी परवानगी मागतात, ते यजमान संस्थेला आणि त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर विचारून घ्या. ब्रिटनचं उदाहरण घ्या, तिथे व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते, पण ती तुमच्या भेटीचा मुख्य हेतू असता कामा नये. म्हणजे निव्वळ कॅम्पसाठीच जाणार असाल तर तो व्हिसा नाही चालत.

आफ्रिकेत, म्हणजे केनिया, युगांडा वगैरे देशांत जाणार असाल तर यलो फीव्हरची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्या. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे नंबर लावावा लागतो. सर्टिफिकेट नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर तुम्हाला क्वारंटाइन करू शकतात.

तपासा: आमंत्रण पत्र, इन्शुरन्स, विमानाचं तात्पुरतं रिझर्व्हेशन (पक्कं तिकीट नव्हे), रजेचं पत्र, चारही कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का? एक दिवस इकडेतिकडे झाला तरी प्रश्न येतो.

टप्पा ६: आता तिकीट

अर्जाला बहुतेक ठिकाणी नुसतं रिझर्व्हेशन पुरतं. व्हिसा आला, त्यावरच्या तारखा वाचल्या, मग पैसे भरा.

कॅम्पच्या आधी इन्फोशीट येतं, त्यात भेटायची जागा आणि वेळ असते, बहुतेकदा एखाद्या लहान गावचं स्टेशन आणि संध्याकाळची वेळ. कॅम्पच्या दिवशीच सकाळी विमानाने उतरून संध्याकाळी गाव गाठू असा हिशोब करू नका. विमान लेट झालं, ट्रेन चुकली, आणि खेड्यातली शेवटची बस पाचलाच गेलेली असली की संपलं. आदल्या दिवशी जवळच्या मोठ्या शहरात पोहोचून झोपा. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, बसही कमी असतात, खायला काहीतरी जवळ ठेवा. इन्फोशीटचा प्रिंट काढा आणि कॅम्प लीडरचा नंबर कागदावरही लिहून ठेवा.

टप्पा ७: बॅग

झोपायची बॅग आणि मॅट न्यायला सांगितलं असेल तर न्याच, तिकडे कुणाकडे जादा नसते. कामाचे जाड तळव्याचे बूट अंगठा कापणार नाहीत इतके आधी वापरून घ्या. रेनकोट, मळले तरी चालतील असे कपडे, हातमोजे, स्वतःची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट. फॉरेक्स कार्ड आणि थोडे युरो रोख, गावातल्या बेकरीत यूपीआय चालणार नाही.

खाण्याचं सामान हा घरच्यांचा आवडता विषय आणि इथेच चुका होतात. ईयूच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या बाहेरून तिकडे मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, खवा, पनीर, श्रीखंड घरीच. ताजी फळं-भाज्याही बहुतेक सगळ्या बंद, त्यांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो, तेव्हा मे-जूनमध्ये निघालात तरी हापूसची पेटी नाही आणि आईने पिशवीत घातलेला कढीपत्ता पण नाही. सुकं खोबरं विमान कंपन्या घेत नाहीत, त्यात तेल असतं आणि ते पेटू शकतं म्हणून. लोणच्याची बाटली हातातल्या बॅगेत नको. काय न्यायचं, तर गोडा मसाला, हळद, तिखट, मोहरी-जिरं, सगळं छोट्या बंद पाकिटात नाव लिहून. बेसन आणि तांदूळ तिकडे मिळतात, आशियाई दुकानात.

सावध: राहायची सोय बऱ्याच कॅम्पवर मुलामुलींची एकाच हॉलमध्ये असते, आणि अंघोळीच्या जागा सामायिक. घरी हे आधीच सांगा. तिथून व्हिडिओ कॉल केल्यावर आजीला पहिल्यांदा दिसायला नको. वेगळी सोय हवी असेल तर अर्ज करतानाच विचारायचं, पोहोचल्यावर नाही.

टप्पा ८: पहिले तीन दिवस

ओळखी या तीन दिवसांत होतात किंवा होतच नाहीत, म्हणून थोडं लांबण लावतो.

कॅम्पवर दुसरं भारतीय कुणी असेल तर पहिल्या रात्री त्याच्याशी हिंदी-मराठीत बोलत कोपरा धरू नका. सोपं वाटतं, पण बाकीचे तुमच्यापर्यंत येत नाहीत. दोघांनी आपापसात ठरवून टाका की जेवताना शेजारी बसायचं नाही आणि कामाच्या गटात वेगवेगळे जायचं.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. तुमच्या कॅम्पवरच्या बहुतेकांची इंग्रजी दुसरी किंवा तिसरीच भाषा असते, त्यांनाही शब्द आठवत नाहीत. हळू बोला, छोटी वाक्यं बोला. आणि आपली मान डोलवायची सवय, हो-नाहीच्या मधली, ती तिकडे कुणालाच कळत नाही, तोंडाने हो किंवा नाही म्हणा. नकोय पण हसून ‘बघू’ म्हणालात तर समोरचा ते होकार समजून तुमची वाट बघत बसतो.

कामाला आठला म्हणजे आठला. तिथे हातात फावडं घेऊन उभं असलेला गावचा सत्तरीचा आजोबा पगारी मुकादम नाही, तोही स्वतःचा वेळ देतोय. त्याला सर-सर करू नका, नावाने हाक मारायला सांगितलं तर नावाने हाक मारा, सुरुवातीला जीभ अडखळते पण जमतं. फ्रान्समध्ये दुकानात शिरलात की आधी बॉंजूर, मग काय हवं ते. नाहीतर तुम्ही उर्मट आहात असं गावभर होतं.

पगार किती, लग्न का नाही केलं, वय काय, धर्म कुठला, हे आपल्याकडे ट्रेनमध्ये बसल्या बसल्या विचारतात. तिकडे पहिल्या दिवशी नको. खायला काय आवडतं, घरी कोण असतं, गावात पाऊस किती पडतो, एवढ्यावर बरंच चालतं. पाकिस्तानातून कुणी आलेलं असेल तर क्रिकेटने सुरुवात करा, फाळणीने नको. संध्याकाळी बिअर निघते, नको असेल तर ‘मी पीत नाही’ एवढं एकदा म्हणा आणि तिथेच बसून राहा, उठून खोलीत जाऊ नका, गप्पा तिथेच होतात.

आणि फोन. रोज रात्री घरी तासभर व्हिडिओ कॉल, वर दिवसभर स्टेटस, असं केलं तर तुम्ही शरीराने तिथे आणि मनाने सदाशिव पेठेत. घरच्यांना आधीच सांगा, दिवसातून एक मेसेज येईल, कॉल रविवारी. लहान मुलांचे फोटो त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि टाकायचे तर मुळीच नाहीत.

टप्पा ९: स्वयंपाकाची पाळी

माझं स्पष्ट मत आहे की मैत्री कामाच्या जागेपेक्षा भांड्यांच्या मोरीवर जास्त होते. पाळीचा तक्ता लागला की आपल्या देशाचा नसलेला जोडीदार घ्या, आणि दुसऱ्याच्या पाळीलाही कांदा चिरायला जाऊन उभे राहा. मुलग्यांनो, हे खास तुमच्यासाठी, ‘मला स्वयंपाक येत नाही’ हे तिकडे गोड वाटत नाही. जायच्या आधी महिनाभर घरी रोज एक पदार्थ करून बघा.

जवळपास प्रत्येक कॅम्पवर एक रात्र असते, ज्याने त्याने आपल्याकडचं काहीतरी करून घालायचं. तिथे क्रम असा ठेवा.

आदल्या दिवशी विचारा, कुणाला कसली ॲलर्जी आहे. हे सोडून पुढे जायचं नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते आणि आपण दाण्याचं कूट कशातही घालतो, साबुदाण्याच्या खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात. दुसरं, ज्यांना गहू चालत नाही त्यांना हिंगही विचारून द्या, आपल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवर वाचा. दुधाचं काही न खाणारे एक-दोन असतातच.

मग पदार्थ निवडा. पंधरा माणसांच्या पोळ्या लाटायचं धाडस करू नका, दोन लहान बर्नर असतात. पिठलं-भात, बटाट्याची पिवळी भाजी, टोमॅटोचं सार, कांदाभजी, हे जमतं आणि सगळे खातात. पिठलं आधी पातळ वाटलं तरी घाबरू नका, बसल्यावर घट्ट होतंच. तिखट अर्धं करा, आणि मग त्याचंही अर्धं करा, आणि ठेचा वेगळ्या वाटीत ठेवा. कुणीतरी शूरवीर उठतोच. फोडणी टाकायच्या आधी खिडक्या उघडा, मोहरी आणि मिरचीच्या धुराने स्मोक अलार्म वाजतो.

तपासा: भांडी तुमच्या गटाने घासली? ओटा पुसला? तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, गार करून कागदाने टिपून कचऱ्यात.

भांडण झालं तर, आणि दुसऱ्या आठवड्यात होतंच, बहुतेकदा कोण काम करत नाही किंवा कोण घोरतो यावरून, तर ते पाठीमागे मराठीत बोलून मोकळं होऊ नका. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सरळ मांडा. आपल्याला तोंडावर बोलायची सवय नसते, जर्मन-डच पोरं मात्र तोंडावरच बोलतात आणि पाच मिनिटांनी तुमच्यासाठी चहा करतात. ते मनाला लावून घेऊ नका. पण कुणी अंगचटीला आलं, धमकावलं, तर मीटिंगची वाट बघायची नाही, लगेच कॅम्प लीडर, आणि त्यानेही ऐकलं नाही तर इकडच्या संस्थेचा फोन.

टप्पा १०: परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात फोटो एका ठिकाणी टाका, सगळ्यांना लिंक द्या, यजमान संस्थेला दोन ओळींचा का होईना अभिप्राय पाठवा, खरा, काय चुकलं तेही लिहून. व्हॉट्सॲप ग्रुप महिनाभरात थंड पडतो, त्यामुळे ज्या तिघाचौघांशी खरंच जमलं त्यांना वेगळे मेसेज करा, त्यांच्या वाढदिवसाला, त्यांच्या गावात पूर आल्याची बातमी वाचली तर. गावातल्या कुणाला ‘पुढच्या वर्षी नक्की येतो’ असं शब्द देऊन आला असाल आणि जमणार नसेल तर कळवा. पैसे किंवा लॅपटॉप पाठवतो असलं काही कबूल करायचं नाही, द्यायचंच असेल तर संस्थेमार्फत.

आणि त्यातलं कुणी तुमच्याकडे यायचं म्हणालं, येतातच, तर दोन गोष्टी आधी बघा. भारताचा ई-टुरिस्ट व्हिसा सरकारी साइटवरूनच काढायला सांगा, तिच्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या साइट भरपूर आहेत. या व्हिसावर विनामोबदला, जास्तीत जास्त एक महिन्याची स्वयंसेवा चालते, त्यामुळे तुमच्या गावच्या श्रमदानाला त्याला नेता येईल. दुसरं, परदेशी पाहुणा तुमच्या घरी राहणार असेल तर त्याची माहिती तुम्ही ऑनलाइन २४ तासांच्या आत द्यायची असते, हॉटेलवाले भरतात तोच, फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा. घरी ठेवणाऱ्यालाही तो लागू आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. पाहुणा यायच्या चार दिवस आधीच साइटवर नोंदणी करून ठेवा, तो दारात आल्यावर पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो घ्या, त्याच रात्री भरून टाका.